सुमोचा अंदाज, डाव शून्य रुपयांचा: हा गेम बंद का होणार नाही?

२३ नोव्हेंबर २०२५, रविवारची दुपार. ताटात पोळी-भाजी आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. तिकडे जपानमध्ये फुकुओकाला सुमोच्या नोव्हेंबर स्पर्धेचा शेवटचा दिवस चालू होता. तीन पैलवान ११-३ अशा बरोबरीत होते: योकोझुना ओनोसातो, योकोझुना होशोर्यू आणि युक्रेनहून आलेला २१ वर्षांचा आओनिशिकी. मी खेळतो त्या ऑनलाइन प्रेडिक्शन गेममध्ये शेवटच्या कुस्तीसाठी ओनोसातोवर बोट ठेवून मी आदल्या रात्रीच यादी लॉक केली होती.

आणि ओनोसातो उतरलाच नाही. खांद्याची दुखापत, माघार. होशोर्यूला न लढता विजय मिळाला. आओनिशिकीने आपली कुस्ती मारली, दोघे १२-३ वर आले आणि प्ले-ऑफमध्ये त्याने चक्क योकोझुनाला हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. काही दिवसांतच त्याला ओझेकी ही दोन नंबरची पदवी मिळाली.

माझं नुकसान किती? एक गुण. रुपये? शून्य.

त्याच संध्याकाळी आतेभावाचा व्हॉट्सअॅप आला. तो सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, तुला सुमोतलं एवढं कळतं ना? या साइटवर सुमोवर पण भाव मिळतोय. तू नावं सांग, मी लावतो. निम्मे-निम्मे." खाली टेलिग्रामची लिंक. आणि लगेच दुसरा मेसेज: "तसंही गेमिंगचा कायदा आलाय, तुझा फुकटवाला पण बंदच होणार बघ."

म्हणजे दोन प्रश्न झाले. माझा गेम बंद होणार का? आणि मला कळतं, तर मग पैसे का लावू नयेत? दोन्हींची उत्तरं एकाच जागी सापडतात, म्हणून हा लेख.

आधी गेम समजून घेऊ

सुमोच्या वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात. त्यांना बाशो म्हणतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरला टोकियो, मार्चला ओसाका, जुलैला नागोया, नोव्हेंबरला फुकुओका. प्रत्येक बाशो १५ दिवसांचा. सगळ्यात वरच्या गटात ४२ पैलवान असतात आणि प्रत्येकाची रोज एकच कुस्ती. नियम सोपा आहे. जो आधी रिंगणाबाहेर गेला, किंवा तळपायाशिवाय ज्याचं दुसरं काही मातीला लागलं, तो हरला. बहुतेक कुस्त्या काही सेकंदांत संपतात. वरच्या गटाच्या कुस्त्या आपल्याकडे साधारण साडेबारा ते अडीचच्या दरम्यान होतात. म्हणजे बरोबर जेवणाची सुट्टी.

प्रेडिक्शन गेम याच्यावर बेतलेला. कोण कोणाशी लढणार, हे आदल्या दिवशी जाहीर होतं. तुम्ही प्रत्येक जोडीत एका नावावर टॅप करायचं आणि पहिल्या कुस्तीच्या आत यादी लॉक करायची. बरोबर आलं की गुण. १५ दिवसांची बेरीज करून क्रमवारी लागते.

यात गंमत अशी की काही गेममध्ये खेळणाऱ्यांनाही सुमोसारखंच नाव आणि सुमोसारखाच दर्जा मिळतो. मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून नाव घेतलं 'पन्हाळायामा'. जपानीत यामा म्हणजे डोंगर. तळापासून सुरुवात केली, आज माएगाशिरा १२ वर आहे. १५ पैकी ८ दिवस प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळाले तर वर, नाहीतर खाली. खऱ्या सुमोतही नेमकं हेच चालतं. आठ विजय म्हणजे 'काची-कोशी', बढती. आठ पराभव म्हणजे 'माके-कोशी', घसरण.

याचे प्रकार बरेच आहेत. एकात रोज फक्त एक विजेता सांगायचा, पण एकदा वापरलेलं नाव परत वापरता येत नाही. मग योकोझुनाला पहिल्याच दिवशी खर्च करायचा, की अवघड दिवसासाठी राखून ठेवायचा? यावर मी ऑफिसच्या बसमध्ये अख्खा प्रवास घालवलेला आहे.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे बांझुके ओळखणं. बांझुके म्हणजे पुढच्या स्पर्धेची मानांकन यादी. बाशो संपल्यावर त्याच आठवड्यात अधिकारी बैठक घेऊन ती ठरवतात. योकोझुना-ओझेकीसारख्या मोठ्या बढत्या लगेच सांगतात, पण पूर्ण यादी पुढच्या बाशोच्या साधारण दोन आठवडे आधीपर्यंत गुप्त. ती आजही पंच ब्रशने हातानं लिहितात. या मधल्या काळात जगभरचे चाहते ४२ जागांचा अंदाज भरतात. कोण पूर्वेला, कोण पश्चिमेला, कोण एक पायरी खाली. इथे पैलवानांचा नाही, तर बंद खोलीत बसलेल्या माणसांच्या डोक्याचा अंदाज घ्यायचा असतो. जुन्या याद्या काढून बसावं लागतं. ९-६ केलेल्याला मागच्या वेळी किती पायऱ्या वर नेलं होतं? मी आयुष्यातली पहिली नीट एक्सेल शीट यासाठी बनवली, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी नव्हे.

अंदाजाचं गणित: एक दिवस आणि पंधरा दिवस

बरेच जण यात 'इलो' पद्धत वापरतात. बुद्धिबळातलं रेटिंग असतं ना, तीच. आर्पाड इलो नावाच्या माणसानं ती मांडली. प्रत्येक पैलवानाला एक आकडा द्यायचा. दोघांच्या आकड्यांत १०० चा फरक असेल तर वरचा जिंकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६ टक्के, ४०० चा असेल तर ९१ टक्के. कुस्ती झाली की जिंकणाऱ्याचे वाढवायचे, हरणाऱ्याचे कमी करायचे. दुबळ्यानं बलवानाला पाडलं तर जास्त हलवायचे. बस, एवढंच. मोबाइलवरच्या शीटमध्येही होतं.

पण शीटला न दिसणाऱ्या गोष्टी असतात. गुडघ्यावरची नवी पट्टी. उतरताना जिन्यावर टाकलेला सावध पाय. २०१९ मध्ये जपानच्या सुमो संघटनेनं पैलवानांचं वैयक्तिक सोशल मीडिया बंद केलं, त्यामुळे 'इन्स्टावर काय टाकलंय' बघून दुखापत ओळखायची सोय नाही. डोळे उघडे ठेवून कुस्ती बघावी लागते. आणि तरीही सुमो तुम्हाला तोंडघशी पाडतो. मार्च २०२४ मध्ये वरच्या गटात पहिल्यांदाच आलेल्या ताकेरुफुजीनं थेट स्पर्धा जिंकली. असं ११० वर्षांनी घडलं. जुलै २०२५ मध्ये यादीच्या जवळपास तळाशी असलेल्या कोतोशोहोनं १३-२ करत नागोया मारली.

आता मुख्य मुद्दा, नीट बघा.

समजा माझे १०० पैकी ६० अंदाज बरोबर येतात आणि तुम्ही सरळ नाणं उडवून खेळता, म्हणजे तुमचे ५०. एका दिवसात साधारण २० कुस्त्या होतात. माझे सरासरी १२ यायला हवेत, तुमचे १०. तरी एखाद्या दिवशी तुम्ही माझ्या बरोबरीत किंवा पुढे असण्याची शक्यता किती? जवळपास ३० टक्के! दहातले तीन दिवस नाणं माझ्या अभ्यासाला हरवतं किंवा बरोबरीत रोखतं.

आता अख्खा बाशो घ्या. सुमारे ३०० कुस्त्या. माझे सरासरी १८०, तुमचे १५०. इथे तुम्ही मला गाठण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास उरते.

कौशल्य तेच, माणसं तीच. एका दिवसात नशीब दिसतं आणि पंधरा दिवसांत कौशल्य. म्हणूनच माझ्या गेममध्ये एका दिवसाच्या गुणांना कोणी फारशी किंमत देत नाही. आणि म्हणूनच पैशांच्या अॅपचा हिशेब दर सामन्याला, दर रात्री का होत होता, तेही लक्षात येतं. रोज कोणीतरी नवशिका जिंकतो, त्याला वाटतं आपल्याला कळतं, तो परत येतो. मी त्यातलाच. तीन वर्षांपूर्वी एका क्रिकेट अॅपवर पहिल्याच आठवड्यात ९०० रुपये जिंकलो आणि पुढच्या दोन महिन्यांत ११,४०० घालवले. प्रत्येक रात्री वाटायचं, आज थोडक्यात हुकलं.

"६० टक्के बरोबर येतात, मग लाव की!"

आतेभावाचं म्हणणं हेच होतं. आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही मोह झाला. गेल्या बाशोत माझे १७८ बरोबर आले होते.

मग कागद घेतला. माझे ६० टक्के येतात कसे? बहुतेक वेळा मी मोठ्या पैलवानावर बोट ठेवतो म्हणून. ते भाव लावणाऱ्यालाही माहीत असतं. समजा, एखादा पैलवान जिंकण्याची शक्यता ७० टक्के आहे. साइट त्याला भाव देईल १.३. म्हणजे १०० लावले आणि जिंकलो तर १३० परत. अशा १०० कुस्त्यांवर १०,००० लावले, ७० जिंकलो, तर हातात ९,१००. सत्तर टक्के बरोबर येऊनही ९०० रुपये खड्ड्यात. जिंकायचं तर कुस्ती ओळखून भागत नाही, भाव कुठे चुकलाय ते ओळखावं लागतं. ते काम साइटचे संगणक माझ्या एक्सेलपेक्षा चांगलं करतात.

त्याला हा कागद फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "हं."

पैसा आला की सुमोचं काय झालं

जपानमध्ये जुगार हा दंडसंहितेखाली गुन्हा आहे. घोड्यांच्या, सायकलींच्या, मोटरबोटींच्या शर्यती, फुटबॉलची 'टोटो' असे काही सरकारी चौकटीतले अपवाद आहेत. सुमो त्यात नाही. तरी पैसा आत शिरलाच.

२०१० मध्ये पैलवान बेसबॉलवर बेकायदा सट्टा लावताना सापडले. कोतोमित्सुकी नावाच्या ओझेकीची हकालपट्टी झाली. त्या वर्षीच्या नागोया बाशोचं थेट प्रक्षेपण एनएचकेनं केलं नाही. तपासात पोलिसांनी पैलवानांचे मोबाइल जप्त केले आणि पुसलेले मेसेज परत मिळवले. त्यात भलतंच निघालं: कुस्त्या आधीच ठरवल्याचे मेसेज. कोण कसा पडणार, इथपर्यंत. फेब्रुवारी २०११ मध्ये हे बाहेर आलं आणि मार्चचा ओसाका बाशो रद्द झाला. असं १९४६ नंतर पहिल्यांदाच घडलं. वीसहून जास्त जणांना सुमो सोडावा लागला.

कुस्ती विकावी का लागते? पुन्हा तो आठवा विजय. वरच्या दोन गटांतल्या पैलवानांना पगार असतो, त्याखाली नियमित पगार नाही. एका पराभवावर घरखर्च अडकू शकतो.

गंमत म्हणजे आकडेवारीवाल्यांनी हे आधीच सांगितलं होतं. २००२ मध्ये मार्क डगन आणि स्टीव्हन लेविट या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ ते २००० मधल्या हजारो कुस्त्या तपासल्या. शेवटच्या दिवशी ७-७ वर असलेला पैलवान ८-६ वाल्याशी लढतो, म्हणजे एकाला विजय हवाच आहे आणि दुसऱ्याचं काम झालंय. आधीच्या कामगिरीवरून पहिल्याचे विजय ४८.७ टक्के यायला हवे होते. प्रत्यक्षात आले ७९.६ टक्के. कोणी म्हणेल, गरज होती म्हणून जोर लावला असेल. पण तेच दोघे पुढच्या वेळी भेटले तेव्हा त्याचे विजय ४० टक्क्यांवर आले. उसनवारी फेडल्यासारखे.

फुकटच्या गेममध्ये अशा कुस्तीनं माझा एक गुण जातो. पैसे लावले असते तर मी एका अशा बाजारात असतो जिथे निकाल कोणालातरी आधीच माहीत असू शकतो, आणि तो कोणीतरी मी नक्कीच नसतो.

आता आपला कायदा काय म्हणतो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. त्यानंतर लगेच ड्रीम-११ सारख्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. कायद्याला आव्हान देणारी प्रकरणं हायकोर्टांतून सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे घेतली आहेत.

आधी सगळा वाद 'कौशल्य की नशीब' यावर चालायचा. फॅन्टसी क्रिकेट कौशल्याचा खेळ आहे, असं पंजाब-हरियाणा हायकोर्टानं २०१७ मध्ये म्हटलं होतं आणि अॅप त्यावर उभे होते. नव्या कायद्यानं तो प्रश्नच बाजूला ठेवला. कौशल्य असो, नशीब असो वा दोन्ही, जिंकून पैसे मिळतील या आशेनं तुम्ही पैसे किंवा डाव लावत असाल तर तो 'ऑनलाइन मनी गेम'. पैसे देऊन घेतलेले कॉइन आणि टोकनही डावातच धरले जातात.

ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम यांना मात्र परवानगी आहे. सोशल गेमला सबस्क्रिप्शन किंवा एकदाची फीसुद्धा चालते, फक्त ती डाव म्हणून लावलेली नसावी. म्हणजे माझा सुमोचा गेम? प्रवेश फुकट, डाव नाही, बक्षीस म्हणजे यादीत वर नाव. कायद्याच्या कात्रीत तो येत नाही. मी वकील नाही, पण व्याख्या वाचून एवढं कळतं.

शिक्षा कोणाला? असा मनी गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किंवा ५० लाखांपर्यंत, किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण रील बनवून किंवा ग्रुपवर रेफरल कोड टाकून जे 'कमिशन' घेतात, त्यांनी जाहिरातीचं कलम जरूर वाचावं. जपाननंही २०२५ मध्येच ऑनलाइन कसिनोकडे लोकांना वळवणाऱ्या जाहिराती आणि साइट्सवर बंदी आणली. दोन्हीकडे रोख आमंत्रण देणाऱ्यावर आहे.

लिंक आली तर काय बघायचं

आतेभावाची लिंक मी जुन्या रिकाम्या फोनवर उघडली. जे दिसलं त्यावरून ही यादी:

१. प्ले स्टोअरऐवजी एपीके फाइल डाउनलोड करायला सांगतात का? तिथेच थांबा.

२. इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची किंवा अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात का? अंदाजाच्या गेमला तुमचा ओटीपी कशाला हवा?

३. पैसे कोणाला जातात? यूपीआयवर कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं आणि दर वेळी नाव बदललं, तर ते खातं बहुधा भाड्याचं आहे.

४. 'फिक्स कुस्तीची टीप', 'व्हीआयपी ग्रुप' असं काही? ज्याला निकाल खरंच माहीत आहे, तो ४९९ रुपयांत विकणार नाही.

५. प्रवेश फुकट, पण 'जिंकलेले' पैसे काढायला आधी टॅक्स भरा म्हणतात? ते पैसे मुळात नसतातच.

यातल्या चार गोष्टी त्या लिंकमध्ये होत्या. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

आतेभावाचा तीन दिवसांनी फोन आला. त्यानं २,००० आधीच भरले होते, माझ्या नावांची वाट बघत. आत्याला सांगितलं नव्हतं. आम्ही १९३० वर मिळून फोन केला आणि तक्रारीचा नंबर लिहून घेतला. पैसे परत येतील का? अजून काही नाही. आत्याला त्यानंच सांगावं असं ठरलं आणि रविवारी त्यानं सांगितलं.

जानेवारीच्या बाशोची बांझुके डिसेंबरच्या शेवटी जाहीर होईल. ४२ जागांची माझी शीट तयार आहे, आओनिशिकी ओझेकीत, बाकी खालच्या दहा जागांवर डोकं आपटणं चालू आहे. काल रात्री आतेभावानंही खातं उघडलं. नाव घेतलंय 'कृष्णाउमी'. उमी म्हणजे समुद्र. म्हटलं, कृष्णा नदी आहे रे. तर म्हणतो, "पावसाळ्यात सांगलीत येऊन बघ, दादा."